बावन्न हक्क

वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. त्या रविवारी विषय होता 'संविधानातले आपले हक्क'. कॉलेजातला एक पोरगा बोलायला उभा होता. चांगला बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "बाबासाहेबांच्या आधी आपल्याला एकसुद्धा हक्क नव्हता." मागं खांबाला टेकून माझा आजा बसलेला. वय चौऱ्याऐंशी. त्याला नीट ऐकू येत नाही, पण नेमकं हेच ऐकू गेलं. तिथूनच तो मोठ्यानं म्हणाला, "न्हवता कसा? आमाला बावन हक्क हुते की!"

पोरं हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

आजा पुढं काही बोलला नाही. उपरण्यानं तोंड पुसलं, काठी घेतली आणि वर्ग संपायच्या आत उठून गेला. रात्री जेवताना मी त्याला वर शहाणपण शिकवायला गेलो. म्हटलं, "आजा, मेलेलं ढोर ओढणं ह्याला काय हक्क म्हणतात का?" त्यानं भाकरी मोडली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्या येळंला हक्कच म्हणायचे. गावबी म्हणायचं, सरकारबी म्हणायचं. मग आमी येगळं काय म्हणायचं?"

मित्रांनो, ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. गिरणीच्या पाळ्या सांभाळून मिळेल ते वाचत गेलो, म्हाताऱ्या माणसांना विचारत गेलो. मी काही पंडित नाही. पण शब्दांवर माझा जीव आहे, आणि 'हक्क' हा तर आपल्या रोजच्या तोंडातला शब्द. मोर्चात, पत्रकात, भिंतीवर, सगळीकडं तोच. तो आपल्या तोंडात आला कुठून, आणि येण्याआधी कुणाकुणाच्या तोंडात होता, एवढं तरी आपल्याला माहीत पाहिजे.

शब्द मुळात अरबी. फारसीच्या वाटेनं मराठीत आला. अरबीत 'हक' म्हणजे सत्य, खरं. बगदादमध्ये मन्सूर अल हल्लाज 'अनल हक' म्हणाला, म्हणजे मीच सत्य, आणि त्या नावाखाली त्याला ९२२ साली हालहाल करून मारलं. सुफींच्या तोंडात हा शब्द देवाचं नाव आहे. तोच शब्द सुलतानांच्या दप्तरात शिरला आणि वसुलीचा झाला. अमक्याचा गावावर इतका हक्क, तमक्याचा इतका. देशमुख-पाटलांच्या वतनाच्या कागदांत 'हक्क-लाजिमा' आणि 'मानपान' असे शब्द जोडीनं येतात. सत्याचा झाला हिस्सा. बगदादहून निघालेला शब्द आमच्या गावच्या वेशीत पोचेपर्यंत त्याच्या अंगावर मेलेल्या बैलाचं कातडं आलं.

आता हे बावन्न हक्क. आपल्यात दोन कथा सांगतात. एक मंगळवेढ्याच्या दामाजीपंताची. दुष्काळात त्यानं सरकारी कोठार लोकांना लुटू दिलं, आणि विठोबा विठू महार होऊन बेदरच्या बादशहाकडं पैसे भरून आला. बादशहा खूश झाला आणि त्यानं महारांना बावन्न हक्क दिले. दुसरी कथा अमृतनाकाची. बेदरच्या बादशहाची बेगम हरवली की पळवली. तिला आणायला अमृतनाक निघाला. निघताना बादशहाकडं एक बंद डबी ठेवून गेला. बेगमेला सुखरूप आणल्यावर दरबारात कुजबुज झाली, इतके दिवस ही ह्याच्याबरोबर होती. तेव्हा तो म्हणाला, डबी उघडा. डबीत त्यानं स्वतःच्या हातानं कापलेलं त्याचं पुरुषपण होतं. बादशहा म्हणाला, माग काय मागायचं ते. त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नाही, जातीसाठी मागितलं. मिळाले बावन्न हक्क.

ह्या कथा खऱ्या की खोट्या हा माझा विषय नाही. इतिहास म्हणून त्यांच्यावर कुणी विसंबू नये. पण दुसरी कथा मी लहानपणी ऐकली तेव्हा मला अमृतनाकाचा अभिमान वाटला होता. आज वाटतं, आमच्या पूर्वजांनी ह्या कथेत खरं तेच सांगून ठेवलंय. आपलं काय कापून दिलं तेव्हा हा हक्क मिळाला, ते त्या डबीत आहे. कथा रचणारा गुलाम होता, पण खुळा नव्हता.

बावन्नाची यादी प्रत्येक गावात एकच होती असं नाही. पण म्हातारी माणसं जे सांगतात आणि पुस्तकांत जे सापडतं ते साधारण असं. सुगीत खळ्यावर मिळायचं बलुतं. खळ्यात मातीत मिसळलेलं मातेरं. पेवाच्या तळाशी उबून काळं पडलेलं धान्य. मेलेल्या ढोराचं मांस आणि कातडं. मढ्यावरचं कापड. मढ्यावरून उधळलेले पैसे. सणाला घरोघरची भाकरी. लग्नात उरलंसुरलं. नीट बघा. खळ्यावरचं बलुतं सोडलं, तर ह्यात एकही वस्तू जिवंत नाही, ताजी नाही, वरची नाही. तळचं, सांडलेलं, उरलेलं, मेलेलं. पाटलाचा हक्क म्हणजे गावानं त्याला आणून द्यायचं. महाराचा हक्क म्हणजे गावाला जे नको झालं ते त्यानं उचलून न्यायचं. शब्द एक, कागदही कधी कधी एकच.

मी कविता लिहितो, म्हणून मला क्रियापदाकडं बघायची खोड आहे. नाम फसवतं, क्रियापद सहसा फसवत नाही. पाटील हक्क 'घ्यायचा'. महार हक्क 'मागायचा'. सांजच्याला येसकराच्या पाळीचा माणूस दारोदार उभा राहून "भाकर वाढा, मायबाप" म्हणायचा, त्यालाही हक्क मागणंच म्हणायचे. जगात कुठल्या हक्काला पदर पसरावा लागतो? पण आमच्या आज्या-पणज्याला हे विचित्र वाटायचं नाही, कारण त्यांनी हा शब्द दुसऱ्या कुठल्या जागी ऐकलाच नव्हता.

आजा एक प्रसंग सांगतो. तो लहान होता. गावातल्या एका कुणब्याचा बैल मेला. कुणब्याचा बैलावर जीव होता. त्यानं ठरवलं, ह्याचं कातडं काढू द्यायचं नाही, आणि बैल शेतातच पुरला. माझा पणजा चावडीवर गेला आणि म्हणाला, माझा हक्क बुडाला. चावडीनं ते ऐकून घेतलं. कुणब्याकडून पणजाला पायलीभर जोंधळा देववला. आजा म्हणतो, त्या दिवशी त्याचा बा ताठ चालत घरी आला. पुढच्याच पावसाळ्यात एका वाड्यात म्हैस मेली. दोन दिवस पडून होती, फुगली होती, वास सुटला होता. वाड्यातून निरोप आला, "तुमचा हक्क पडलाय दारात, उचला." पणज्याच्या अंगात ताप होता. तरी गेला. नाही कसं म्हणणार?

तोच शब्द, तोच माणूस, तेच गाव. चावडीत माझा पणजा बोलला तेव्हा त्याचा अर्थ झाला 'मला द्या'. वाड्यातून बोलला गेला तेव्हा अर्थ झाला 'हे कर'. बैलापाशी तो दावा होता, म्हशीपाशी हुकूम. कोशात बघायला गेलात तर दोन्हीकडं एकच ओळ सापडेल. शब्द कुणी कुणाला उद्देशून उच्चारला, आणि ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणता येत होतं का, हे कोश सांगत नाही. गावगाड्यात 'हक्क' ह्या शब्दाचा उलटा शब्द 'अन्याय' नव्हता. 'हक्क' आणि 'वेठ' ही एकाच नाण्याची दोन नावं होती. देणारा बोलला की हक्क, घेणाऱ्याला कळ आली की वेठ.

इंग्रजानं ही भानगड मिटवली नाही, उलट पक्की केली. १८७४ साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला. त्यात महार-रामोशी वगैरे 'कनिष्ठ' गावकामगार. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा, त्याबद्दल सरकारची चाकरी. चाकरी कुठली, किती तास, किती माणसांनी, ह्याला धरबंध नाही. टपाल न्या, वसुलीला हाळी द्या, साहेबाचं सामान वाहा, दवंडी पिटा, मढ्याची खबर सांगा. दिवस नाही, रात्र नाही. बाप गावाला गेला तर पोरानं जायचं, पोर नसेल तर भावानं. आणि पगार? सरकार म्हणणार, जमीन दिलीय, शिवाय गावाकडून तुमचे हक्क आहेत ना! म्हणजे काम सरकारचं आणि मजुरी गावानं द्यायची, तीही गावाच्या मर्जीनं. जमिनीच्या वाटण्या होत होत एकेका घराला गुंठे उरले, पण चाकरी वाटली गेली नाही, ती प्रत्येक घरावर अख्खीच राहिली. आणि सरकारी कामात गावाच्या विरुद्ध खरं सांगितलं की गाव बलुतं बंद करणार.

'वतन' शब्दाचंही तसंच. उर्दू शायर वतन म्हणतो तेव्हा मायदेश म्हणतो, त्यावर जीव ओवाळतो. आमच्याकडं वतन म्हणजे पायातली बेडी, आणि लोक तिच्यावरही जीव ओवाळायचे. हे दुसरं जास्त वाईट.

इथं आपल्याच लोकांबद्दल दोन कडू गोष्टी लिहायला हव्यात. एक, ह्या हक्कांवरून आपण भावाभावांत डोकी फोडली. कातड्यावरून, सणाच्या मानावरून महार-मांगांचे, महार-चांभारांचे तंटे जुन्या कागदांत सापडतात. गाव वरून बघत राहायचं. दुसरी, बाबासाहेबांनी वतनाला हात घातला तेव्हा विरोध फक्त सवर्णांनी केला नाही. १९२७ साली 'बहिष्कृत भारत'मधून ते महारांना सांगत होते की हे वतन तुम्हाला माणूस होऊ देत नाही. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं. मागणी साधी होती. महारांची कामं ठरवून द्या, मोबदल्याची शाश्वती द्या, आणि ज्याला चाकरी नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवायची आणि मोकळं व्हायची मुभा द्या. बिलाची पुढं इतकी मोडतोड झाली की १९२९ साली त्यांनी ते मागं घेतलं. त्या काळात आपल्यातलेच कितीतरी वतनदार घाबरले होते. ते म्हणायचे, बाबा आमचे हक्क घालवणार.

आपण आज त्यांना हसतो. पण मी आजाकडं बघून सांगतो, हसू नका. ज्या माणसाजवळ सगळ्या जगात चावडीपुढं उभं राहून बोलण्याजोगा एकच शब्द होता, त्याच्या हातातून तो शब्द सुटायला लागला तर त्याचे पाय कापणारच. हातात काही नसलेला माणूस भीक मागतो. माझा पणजा भीक मागत नव्हता असं त्याला वाटत होतं, आणि ते त्या एका शब्दामुळं वाटत होतं.

बाबासाहेबांनी मग काय केलं? त्यांनी तो शब्द फेकून दिला नाही. त्यांनी त्याची जागा बदलली. गावच्या चावडीवरून उचलून तळ्याच्या काठावर नेला.

महाडची तळ्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे, म्हणून सगळी सांगत नाही. १९२३ साली बोल्यांचा ठराव, १९२४ साली महाड नगरपालिकेचा ठराव, दोन्ही कागदावर. म्हणजे २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले तेव्हा कागदावर हक्क आधीच होता. पण पाणी कुणी प्यायलं नव्हतं. आणि हे पण बघा की त्याच परिषदेत लोकांना सांगितलं गेलं, मेलेलं ढोर ओढायचं, खायचं सोडा. एकाच मांडवात. जुना हक्क टाका, नवा हक्क बजावा. इथं क्रियापद बदललं. हक्क मागायचा नाही, हक्क 'बजावायचा'. ह्या क्रियापदाला समोर मायबाप लागत नाही. पोटाला पाहिजे म्हणून ते पाणी प्यायचं नव्हतं. त्या तळ्याचं पाणी न पिता आमचे लोक जगतच होते.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, आणि परिषदेनं जाहीरनामा काढला तो हिंदुमात्राच्या 'जन्मसिद्ध हक्कां'चा. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात १७८९ च्या फ्रान्सच्या सभेचा दाखला दिला होता. पण तिथं बसलेल्या लोकांना 'जन्मसिद्ध' हा शब्द फ्रान्सहून ऐकू आलेला नव्हता. तो टिळकांच्या तोंडून आलेला होता. १९१६ पासून स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क म्हणून गाजत होता. तेच टिळक १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यता निवारणाच्या परिषदेत जोरात बोलले, पण जाहीरनाम्यावर सही द्यायची वेळ आली तेव्हा दिली नाही. म्हणजे त्यांच्या वाक्यातल्या 'माझा' ह्या शब्दात आम्ही बसत होतो की नाही ते सहीच्या कागदावर कळलं.

आणि गंमत अशी की गावगाड्यातही हक्क जन्मसिद्धच होते! महाराच्या पोटी जन्मलास म्हणून ढोर तुझं. पाटलाच्या पोटी जन्मलास म्हणून पानसुपारी तुझी. जन्म हाच पुरावा. म्हणजे टिळकांचं जन्मसिद्ध वेगळं, वतनाचं वेगळं, आणि महाडचं तिसरंच. महाडला 'जन्म' म्हणजे माणसाच्या पोटी जन्म. एवढा एकच अर्थ धरला की मनुस्मृती जाळावीच लागते. दोन्ही एका मांडवात का झालं ते मला फार उशिरा समजलं.

ह्याच्यावर दुसरी बाजू गप्प बसली नाही. तीही हक्काचीच भाषा बोलायला लागली. महाडच्या सवर्णांनी कोर्टात दावा लावला, तळं आमच्या खासगी मालकीचं आहे आणि अस्पृश्यांना तिथं मज्जाव करायची वहिवाट अनादि काळापासून आहे. १४ डिसेंबर १९२७ ला तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. म्हणून डिसेंबरात लोकांनी तळ्याचं पाणी घेतलं नाही. खटला जिल्ह्यातून वर वर जात मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात संपला. निकाल आपल्या बाजूनं लागला. का? अनादि वहिवाट त्यांना शाबीत करता आली नाही म्हणून. निकालाचं कारण समजलं तेव्हा मी गार पडलो. कोर्टानं हे म्हटलं नाही की तुम्ही माणसं आहात, पाणी प्या. त्यानं म्हटलं, तुमची अडवणूक पुरेशी जुनी आहे हे सिद्ध झालं नाही. 'हक्क' शब्द कोर्टात गेला की तो असा वहिवाटीच्या तराजूत बसतो. जिंकलो, पण ज्या अर्थासाठी भांडलो त्या अर्थानं नाही.

गिरणीचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर. सतरा मागण्या होत्या. लाल बावट्याखाली 'कामगारांचे हक्क' हा शब्द गर्जत होता. पण विणकाम खात्यात, जिथं पैसा चांगला, तिथं अस्पृश्य माणसाला घेत नव्हते. कारण काय? कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. विटाळ! हा विटाळ मालकानं पाळला नव्हता, कामगारानं पाळला होता. बाबासाहेबांनी युनियनवाल्यांना सांगितलं, सगळ्या खात्यांत काम करायचा आमच्या माणसांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर मी माझ्या लोकांना संपात राहू नका म्हणून सांगेन. तेव्हा कुठं कुरकुरत त्यांनी ते मान्य केलं. 'कामगार' शब्दात कोण कोण येतो हे तोपर्यंत त्या मागण्यांत लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. कॉम्रेड लोकांना हे आजही लिहिलेलं आवडत नाही. मी लाल बावट्याचा दुस्वास करत नाही, त्यांच्या मोर्चात मी चाललोय. पण तोंडचा धागा मी विसरणार नाही. आज मी वाइंडिंगवर दिवसातून शेकडो वेळा तुटका धागा जोडतो, हात कुणाचा म्हणून कुणी विचारत नाही. हे आपोआप झालेलं नाही.

दहाच वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, तेच बाबासाहेब आणि तेच कम्युनिस्ट एकत्र संपावर होते. काँग्रेस सरकारनं औद्योगिक कलहाचं बिल आणून संपावर बंधनं घातली होती. बाबासाहेबांची मांडणी अशी की माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे त्याला गुलाम करणं, म्हणून संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क. हे वाचलं आणि मला पणज्याची म्हैस आठवली. बावन्न हक्कांत हा एक नव्हता, काम नाकारायचा. तो नव्हता म्हणूनच बाकीचे बावन्न त्याला देऊन टाकणं गावाला परवडत होतं. १९२८ चं वतनाचं बिल आणि १९३८ चा संप ही मला आता दोन प्रकरणं वाटत नाहीत. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९३९ मध्ये, हरेगावला महार-मांग-वेठियांची वतनदार परिषद झाली. कातड्यासाठी भांडणारे वाढीव जुडीच्या विरोधात एका मांडवात बसले.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. मराठी भाषांतरात तिसऱ्या भागाचं नाव आहे 'मूलभूत हक्क'. हिंदीत 'मूल अधिकार' म्हणतात. मराठीत तोच जुना शब्द राहिला ह्याचं मला बरं वाटतं. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द आहेत. राज्यघटनेत कशाला आला तलाव? आपल्याला माहीत आहे कशाला आला. अनुच्छेद १७ नं अस्पृश्यता संपवली. अनुच्छेद २३ नं वेठबिगार बंद केली. म्हणजे ज्याला गाव हक्क म्हणत होतं त्याला संविधानानं वेठ म्हणून गुन्ह्यात टाकलं, आणि ज्याला गाव विटाळ म्हणत होतं त्याला हक्क म्हटलं. १९५५ साली अस्पृश्यता अपराध कायदा आला, १९७६ साली त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. नाव बदललं त्यानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घ्यायला लावणं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

पण कागदावरचा अर्थ गावात पोचायला वेळ लागतो. आजा पंधरा वर्षांचा होता तेव्हा, १९५६ साली, नागपूरची दीक्षा झाली. आमच्या वस्तीनंही ठरवलं, ढोर ओढायचं नाही, भाकरी मागायची नाही. तेव्हा गावातली चार शहाणी माणसं वस्तीत आली. गोड बोलली. म्हणाली, "बाबांनो, वाडवडलांचे हक्क असे सोडू नका." आजा हे सांगताना हसतो. म्हणतो, "उभ्या जन्मात गावाला आमच्या हक्काची काळजी तवाच लागली." गोडीनं जमलं नाही तेव्हा पिठाची गिरणी बंद, दुकान बंद, रानातून वाट बंद. मेलेली ढोरं कित्येक दिवस पडून. शेवटी ज्यांची त्यांनीच ओढली. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. जमीन सरकारजमा करून नजराणा भरून परत वतनदाराच्याच नावे करायची अशी सोय होती.

आता आपल्या काळातला धोका. मूलभूत हक्क हा शब्द हळूहळू बाजूला सरकतोय आणि त्याच्या जागी 'सवलत' येऊन बसलाय. शिष्यवृत्ती सवलत, राखीव जागा सवलत, घर सवलत. आपणसुद्धा म्हणतो. धर्मांतरानंतर बौद्धांच्या 'सवलती' गेल्या, केंद्रात त्या १९९० साली परत मिळाल्या, असंच आपण बोलत आलो. क्रियापद बघा: सवलत 'देतात', सवलत 'मिळते', सवलत 'लाटतात'. सवलत कुणी बजावत नाही. ह्या शब्दाबरोबर दारात उभा असलेला मायबाप परत आला. माझ्या गिरणीत मी कंत्राटी आहे. गेल्या वर्षी आई आजारी होती म्हणून रजेचा अर्ज दिला. ऑफिसातला माणूस म्हणाला, "कंत्राटीला हक्काची रजा नसते. साहेबांनी दिली तर सवलत समजायची." कायद्यात भरपगारी रजा कंत्राटी कामगारालाही आहे. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मी "बरं, द्या सवलत" म्हणालो. माझ्या तोंडून ते वाक्य गेलंय. मग मी पणज्याला काय हसणार?

आजाची माफी मागायची राहिली होती. गेल्या महिन्यात तोच म्हणाला, जमिनीचा उतारा काढून आण, बघू तरी. आमच्या वाट्याला वतनातले अकरा गुंठे आहेत. मी सातबारा आणला आणि कंदिलासारखा डोळ्यांपुढं धरून त्याला वाचून दाखवायला लागलो, कारण आजाला अक्षर येत नाही. नाव, क्षेत्र, आकार. पुढं एक रकाना होता, 'इतर हक्क'. आजानं कान पुढं केला.

"काय लिवलंय त्यात?"

"नवीन अविभाज्य शर्त. परवानगीशिवाय विकता येणार नाही."

ही शर्त आपली जमीन कुणी लाटू नये म्हणून घातलेली आहे, ती नसती तर हे अकरा गुंठेही राहिले नसते, असं मी त्याला समजावत होतो. त्याला ते कळत नव्हतं असं नाही. पण तो ऐकत नव्हता. तो त्या रकान्याच्या नावावर अडकला होता.

"म्हंजी करायचं न्हाई, हे हक्काच्या खाली लिवलंय?"

"हो."

आजा हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "लिव मग वहीत. ह्यो त्रेपन्नावा."